सोनारणीचा हात

त्या खोलीत पंखा नव्हता असं म्हणाल तर ते खोटं ठरेल. पंखा होता. छताला चांगला तीन पात्यांचा पंखा लटकत होता, फक्त त्याचं बटण भिंतीतून काढून टाकलं होतं आणि तिथे पांढरी चिकटपट्टी मारली होती. खिडकीही होती, पण तिच्या फटी कापसाने बुजवलेल्या. दाराला खालून रबराची पट्टी. एवढा बंदोबस्त कोणासाठी? चोरासाठी नाही, उंदरासाठी नाही. वाऱ्यासाठी. या खोलीत बसून एक बाई केकवर आणि बिस्किटांवर सोन्याचा वर्ख लावत असे, आणि खायचा सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो की समोरच्याने नुसतं "काय गं" म्हटलं तरी तो उठून भिंतीला चिकटतो. एकदा चिकटला की मग भिंत सोन्याची, केक तसाच.

दुकानातले सगळे तिला सोनारीण म्हणत. खरं नाव तिला चांगलं चार अक्षरी होतं, पण ते आता दवाखान्याच्या कागदावर तेवढं उरलं होतं. वय त्रेपन्न. त्यातली एकोणीस वर्षं या खोलीत. राहायची खोली दुकानाच्या वरच, आणि वरून खाली येणारा जिना थेट दुकानातच उतरत असे. म्हणजे पलंगावरून उठलं की बावीस पायऱ्या आणि टेबल, टेबलावरून उठलं की बावीस पायऱ्या आणि पलंग. रस्ता लागतो कुठे मधे? कधी कधी आठ-आठ दिवस तिच्या चपलेला माती लागत नसे.

दुकान तिच्या नणंदेचं. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणून ही तिला वन्सं म्हणायची. नवरा आठ दिवसांच्या तापात गेला तेव्हा हिची मुलगी सहा वर्षांची होती आणि हिच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. बाकीचे नातेवाईक "बघू, काहीतरी करू" म्हणत चहा पिऊन गेले. वन्सं तेवढ्या गाडी घेऊन आल्या, दोन गाठोडी आणि पोर उचलली आणि म्हणाल्या, "चल." उपकार तर खरेच. ते कोणी नाकारत नव्हतं, ही तर मुळीच नाही. आणि तीच तर अडचण होती. वाईट माणसाच्या तावडीतून सुटायला नुसती हिंमत पुरते. चांगल्या माणसाच्या तावडीतून सुटायचं तर तोंड उचकटत नाही.

सुरुवातीला ती मागच्या बाजूला ट्रे घासायची. एक दिवस वर्खाचं काम करणारा कारागीर ऐन वेळी भांडून निघून गेला. दोन मजली केक तयार, संध्याकाळी समारंभ, आणि वन्सं स्वतः वर्ख लावायला बसलेल्या. एक पान फाटलं, दुसरं गोळा झालं, तिसरं वन्संच्या भुवईला लागलं. हिने दारातून हात पुसत विचारलं, "वन्सं, मी बघू?" बसली, वर्खाची पानं ज्यात ठेवतात त्या छोट्या पुस्तकातलं पान उचललं, आणि वर्ख केकच्या अंगावर असा सपाट बसला की जणू तिथेच जन्मला होता. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून ट्रे घासायला दुसरी बाई आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी तिला ते कळलं नाही. त्या दिवशी तिला फक्त आनंद झाला होता, आणि तो खोटा नव्हता.

हळूहळू ती त्या विद्येत मुरली. वर्ख झाला, मग सोनेरी-चंदेरी पूड झाली, तांब्याच्या रंगाचे बिस्किटांचे काठ झाले, चॉकलेटच्या पानांवरची चमक झाली. आणि तिने तीन गोष्टी शोधून काढल्या ज्या कोणत्याही शिकवणाऱ्याने तिला सांगितल्या नव्हत्या. पहिली म्हणजे, साखरेच्या लाटलेल्या आवरणाला वर्ख धरण्याआधी पाणी लावायचं नाही. किटलीच्या वाफेवर चार आकडे मोजेपर्यंत धरायचं, आणि जीभ लावलेल्या पाकिटाच्या काठाइतपत चिकट झालं की थांबायचं. दुसरी, सोनेरी पूड पाण्यात कालवायची नाही, पाण्याने साखर विरघळते आणि रंग दोन दिवस ओला राहतो. बिनरंगाच्या कडक दारूत कालवायची, थोडा लिंबाचा अर्क टाकायचा, दारू उडून जाते आणि सोनं मागे राहतं. पण त्याच्याखाली आधी फिक्या पिवळसर रंगाचा हात हवा, नाहीतर सोनं आजारी दिसतं. आणि तिसरी गोष्ट श्वासाची. सगळे नवखे श्वास भरून रोखतात. भरलेली छाती थरथरते, आणि छातीबरोबर हात. श्वास पूर्ण सोडून द्यायचा, आणि छाती रिकामी असते त्या दोन क्षणांत पान टेकवायचं.

दारूची बाटली तिच्या कपाटात असे. त्यावरून भट्टीवाला रोज एक विनोद करायचा, "सोनारीणबाई, आज बिस्किटांना किती पाजली?" ती म्हणायची, "तुला पाजण्यापेक्षा बिस्किटं बरी, ती तोंड तरी बंद ठेवतात." कामात मात्र थट्टा नाही. एकदा वन्संनी कुठूनशी चकचकीत पूड आणली. डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, विषारी नाही, फक्त सजावटीसाठी. हिने डबी उचलून दाराबाहेर ठेवली. "सजावट म्हणजे भिंतीची. विषारी तर खडूसुद्धा नसतात, म्हणून कोणी खातं का? खाण्यायोग्य असं लिहिलेलं असेल तरच माझ्या टेबलावर ठेवा." ती डबी पुन्हा आत आली नाही. त्या बाबतीत तिचं राज्य होतं. दहा बाय आठ फुटांचं का होईना.

पण त्या तीन गोष्टी तिने कोणाला सांगितल्या नाहीत. मधल्या काळात वन्संनी दोन बायका तिच्या हाताखाली दिल्या होत्या. हिने शिकवलं, सगळं शिकवलं, पण हातचं राखून. सोळा आण्यांतले अकरा आणे. एकीचा वर्ख सुरकुतायचा, दुसरीचं सोनं बोटाला लागायचं, आणि दोघीही कंटाळून गेल्या. का केलं असं? तर भीती. गरज सरो वैद्य मरो, हे तिने नवऱ्याच्या आजारपणानंतर चांगलंच पाहिलं होतं. पोर लहान होती. आपल्यावाचून दुकान चाललं तर उद्या आपण कुठे? म्हणून तिने स्वतःला इतकं गरजेचं करून ठेवलं की आता मुलगी शिकली, लग्न होऊन लांबच्या गावी गेली, भीतीचं काही कारणच उरलं नाही, आणि तरी ती तिथेच. दुसऱ्यांना बाहेर ठेवायला घातलेली कडी आतून घातलेली होती, एवढं तिच्या लक्षात आलं नव्हतं. मुलीच्या घरी पहिल्यांदा राहायला गेली तेव्हा तिसऱ्याच दिवशी वन्संचा फोन. "अगं, मोठी ऑर्डर आहे, तुझ्याशिवाय कोण?" कोण, हे तिला माहीत होतं. कोणी नाही.

आता या गोष्टीत खरं काय अडकलं होतं ते सांगते. तिची एक धाकटी बहीण होती. गावाबाहेर भाड्याच्या जमिनीवर तिची रोपांची नर्सरी. बिनलग्नाची, तोंडाने फटकळ, गुडघ्याने अधू. तिच्याबरोबर काम करणारी मैत्रीण मुलाकडे राहायला निघून गेली होती, आणि नर्सरीच्या मागची खोली रिकामी झाली होती. दर रविवारी फोन यायचा. त्या रविवारी धाकटी म्हणाली, "ताई, तू ये. कुंड्या उचलायच्या नाहीत, नुसती कलमं बांध, तुझा हात हलका आहे. इथे सकाळपासून वारा असतो बघ, कानात घुसतो नुसता. पण पहिल्या तारखेपर्यंत सांग. एकटीने मला झेपत नाही. तू नाही आलीस तर मागची जागा आणि खोली मी त्या खतवाल्याला देऊन टाकणार, तो मागतोच आहे. एकदा दिली की गेली."

तो दिवस चार तारखेचा. सत्तावीस दिवस.

त्या रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी कामात लक्ष नाही. शेवटी चहाच्या वेळी तिने धीर केला. "वन्सं, धाकटीकडे जावं म्हणते."

"जा की. किती दिवस?"

"राहायलाच."

वन्संनी कप खाली ठेवला. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तुला बांधून ठेवलंय का गं? तुझं आयुष्य आहे. फक्त एक कर, हे काम कोणाच्या तरी हातात देऊन जा. लोक तुझ्या वर्खासाठी येतात, माझ्या तोंडाकडे बघून नाही. घरात सूनबाई आहे, चुणचुणीत आहे, तिला शिकव. तिने एक केक माझ्यासमोर नीट करून दाखवला की त्याच दिवशी मी स्वतः तुझं सामान गाडीत भरते."

"आणि तिला नाहीच जमलं तर?"

"तर तू आहेसच."

"माझाच हात गेला तर?"

वन्सं हसल्या. "हात गेला तर काय इलाज? तुझ्याशिवाय करायचं कोणी? मग ते कामच बंद करू, साधे केक विकू. पण तुझा हात कुठे जातोय!"

सूनबाई म्हणजे वन्संच्या मुलाची बायको. हिला मामी म्हणायची. सव्वीस वर्षांची, कामाला वाघ, तोंडाला कुलूप नाही. दुकानाची डिलिव्हरीची गाडी ती चालवायची. केकचे खोके मागे बांधले की काच खाली, कोपर बाहेर, शीळ चालू. तिला गाडीतून उतरवून त्या खोलीत आणली तेव्हा ती चारी बाजूंनी भिंती बघत म्हणाली, "मामी, इथे माणूस जगतो कसा?" मामी म्हणाली, "थोडा थोडा."

या वेळी मात्र तिने काही राखून ठेवलं नाही. पहिल्याच दिवशी वाफेचे चार आकडे सांगितले, दारूचं आणि अर्काचं माप सांगितलं, पिवळसर हात दाखवला, आणि मग पोरीचा तळहात स्वतःच्या बरगडीवर ठेवून रिकाम्या छातीची जागा दाखवली. एकोणीस वर्षं मुठीत धरलेलं होतं, ते सोडताना तिला एकदम मोकळं वाटलं. बोलता बोलता तिने पहिल्या दिवसाची गोष्टही सांगून टाकली. "मला पहिल्याच फटक्यात जमलं गं. तेच चुकलं बघ."

सूनबाई नुसती "हं" म्हणाली.

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगावं! दुसऱ्या दिवशी सूनबाईला वर्ख उचलताना शिंक आली. तिसऱ्या दिवशी हसू आलं. चौथ्या दिवशी पान नीट टेकवलं आणि वरून अंगठा असा दाबला की पोलिसांना ठसा मिळावा. पुडीत दारूऐवजी पाणी ओतलं, बिस्किटं दोन दिवस ओली राहिली आणि एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. "मामी, चुकलंच," म्हणून गाल फुगवायची आणि त्या फुंकरीने उरलेलं पान उडायचं. भट्टीवाला दारातून डोकावून म्हणाला, "सोनारीणबाई, सोनं केकवर लावायचं असतं असं सांगितलंय ना हिला?" मामी चिडायची, पुन्हा दाखवायची, पुन्हा चिडायची. वन्सं रोज संध्याकाळी विचारायच्या, "जमतंय का?" ती म्हणायची, "येईल हळूहळू." रविवारी धाकटी विचारायची, "काय ठरलं?" तिला पण तेच, येईल हळूहळू. दुसरा रविवार गेला, तिसरा गेला. रात्री पलंगावर पडल्या पडल्या ती बोटांवर दिवस मोजायची. आपण आधीच्या दोघींना अर्धं शिकवलं, त्याचंच हे फेडणं चाललंय असंही तिला वाटून गेलं.

बावीस तारखेला दुपारी ती जेवायला वर गेली आणि चष्मा खालीच राहिला म्हणून परत उतरली. खोलीच्या दाराला वीतभर काच होती. आत सूनबाई एकटी होती. समोर एक तुटकं बिस्किट. तिने ते वाफेवर धरलं, ओठ हलले, एक, दोन, तीन, चार. मग पुस्तकाचं पान उलटलं. खांदे खाली आले, छाती रिकामी झाली, आणि वर्ख बसला. सुरकुती नाही, भोक नाही. काठावरचा फाटका तुकडा तिने कोरड्या ब्रशने असा फिरवून आत घेतला की सोनारणीला स्वतःचाच हात बाहेरून दिसल्यासारखा वाटला. बिस्किट दोन मिनिटं उजेडात धरून सूनबाईने बघितलं, स्वतःशीच हसली, आणि अख्खं तोंडात टाकलं.

सोनारणीने दार उघडलं तशी पोरीने तोंडावर हात धरला. ओठ सोनेरी.

"कधीपासून येतंय?"

सूनबाईने घास गिळला. "दुसऱ्या दिवसापासून."

"आणि ही शिंका-हसण्याची नाटकं?"

"मामी, हळू बोला, सासूबाई पुढे आहेत." तिने ओठ पुसले, तर सोनं गालावर गेलं. "रागावू नका. तुम्हीच सांगितलंत ना, पहिल्या फटक्यात जमलं तेच चुकलं. मला आलं असं एकदा कळलं की माझी गाडी गेली. सासूबाई वाईट नाहीत हो. त्या मला प्रेमानेच ठेवतील. तुम्हाला ठेवलं तसं."

"म्हणजे मी इथे मेले तरी चालेल."

"असं नाही हो मामी," म्हणून पोर रडायलाच लागली. खरं रडू होतं, नाटकातलं नव्हतं.

आता सोनारणीच्या हातात सगळं होतं. एक वाक्य. 'वन्सं, हिला येतंय.' एवढं म्हटलं की संध्याकाळपर्यंत सामान गाडीत. ते वाक्य दुपारभर तिच्या जिभेवर होतं. ती काही संत नव्हती, तिने दोनदा तोंड उघडलंही. पहिल्यांदा नेमकं गिऱ्हाईक आलं. दुसऱ्यांदा वन्संच म्हणाल्या, "बिचारी किती प्रयत्न करतेय, नाही?" आणि हिच्या तोंडून निघालं, "करतेय खरं." तेवढ्यात बाहेर सूनबाई खोके बांधून गाडीत बसली, काच खाली घेतली, आणि गाडी वळणावरून गेली. तिला पोरीचा राग आला. इतका राग आला की डोळे भरले. पण पोरीने केलं ते चूक आहे असं काही तिला स्वतःला पटवता येईना. एकोणीस वर्षांपूर्वी तिला कोणी हे सांगितलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी सूनबाई कामाला आली ती दार लावून, पाठ टेकून उभी राहिली. "मामी, मी रात्रभर विचार केला. तुम्ही का नाही चुकत?"

"काय?"

"सासूबाई चहाच्या वेळी म्हणाल्या ते मी ऐकलंय, हात गेला तर काम बंद करू. मग न्या हात. डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणा, बोटं कापतात म्हणा. वय झालं, कोण शंका घेणार? गुरुवारी तो पन्नासाव्या वाढदिवसाचा केक आहे, वरचा मजला पूर्ण सोन्याचा. सासूबाईंना समोर बसवा आणि चार-पाच पानं वाया घालवा. मी गाडीत एक साधा केक तयार ठेवते, वर फुलं लावून पाठवू. तुम्हीही सुटलात, मीही सुटले."

सोनारीण खुर्चीवर बसली. इतकी वर्षं झाली, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. कडी काढायचे सगळे मार्ग तिने शोधले, पण आपण वाईट काम करू शकतो, हा मार्ग तिला दिसलाच नाही. ती हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"थोडी सवय करून ठेवा मात्र," सूनबाई म्हणाली. "मला चुकायला दोन दिवस लागले. नीट बसायला लागलेलं पान मुद्दाम बिघडवणं सोपं नसतं."

"चल, चुकायला काय लागतं!" सोनारीण म्हणाली. "जगातला सगळ्यात सोपा धंदा. फुंकर मारायची की झालं." आणि वर्खाची पानं सरावात घालवणं तिच्या जिवावरही आलं. तिने त्याच दिवशी बॅग खाली काढली, दोन साड्या आणि मुलीचा फोटो भरून ठेवला. धाकटीला रविवारची वाट न बघता फोन केला, म्हणाली, "खतवाल्याला थांबव. गुरुवारी संध्याकाळी पक्कं सांगते." धाकटी म्हणाली, "तुझा आवाज आज निराळाच येतोय." मधल्या पाच दिवसांत ती कामावर मुद्दाम डोळे चोळायची, ब्रश खाली पाडायची. वन्सं काळजीने विचारायला लागल्या, "बरं वाटत नाही का?" नाटक छान जमत होतं.

गुरुवार आला. केक टेबलावर. वरचा मजला साखरेच्या पांढऱ्या आवरणात, वाफ घेऊन तयार. तिने वन्संना बोलावलं. "जरा समोर बसा वन्सं. आज मला माझाच भरवसा नाही." वन्सं दाराशी स्टूल घेऊन बसल्या आणि एवढ्या घाबरल्या की त्यांनी स्वतःच तोंडावर पदर धरला. त्यांच्या मागे सूनबाई, हातात रिकामं खोकं.

पहिलं पान तिने उचललं. ठरलेलं होतं, टेकवता टेकवता श्वास सोडायचा, फुर्र करून. तिने पान जवळ नेलं. आणि छाती रिकामी होती. कधी रिकामी झाली तिला कळलंही नाही. सोडायला श्वास शिल्लकच नव्हता. पान बसलं. तळ्यातलं पाणी स्थिर असावं तसं बसलं.

असू दे, म्हणाली ती मनात. जित्याची खोड आहे, एका पानात जायची नाही. दुसरं घेतलं. या वेळी अंगठा. पान टेकवून ओल्या अंगठ्याने वरून दाबायचं, सूनबाईने दाबला होता तसा. अंगठा खाली गेला. गेला, गेला, आणि सोन्यापासून केसभर अंतरावर थांबला. तिने जोर लावला. खरंच लावला, मनगटाची शीर वर आली. अंगठा हलेना. उलट करंगळीने आपण होऊन कडेचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

तिसऱ्या पानाला तिने डोळे मिटले. आता तरी? डोळे उघडले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाचा सांधासुद्धा दिसत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, केकच ढकलून द्यायचा होता खाली. म्हणायला काय जातं! तिनेही ते मनात आणलं. कोपर टेबलाच्या कडेला नेलं. पण एकोणीस वर्षं जे कोपर त्या टेबलाला धक्का लागू नये म्हणून वळत होतं, ते वळलं. तिला स्वतःच्या हाताचा असा संताप आला, जणू कोणी परका माणूस खांद्याला धरून बसलाय आणि सांगितलेलं ऐकत नाही. चौथं पान घेताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी केकवर पडलं असतं तरी काम झालं असतं, सोन्यावर डाग पडला असता. तिने मान बाजूला वळवली. पाणी फरशीवर पडलं.

पाचव्या पानानंतर तिने प्रयत्न सोडला. मग हात भराभर चालला.

"उगीच घाबरवलंस मला," वन्संनी पदर खाली घेतला. त्यांचेही डोळे भरून आले होते. "डोळे मिटून लावलंस गं तू. मिटून! काय हात आहे हा. तुझ्या धाकटीला सांग, तुझ्या बहिणीसारखी कारागीर मी आयुष्यात बघितली नाही. तू जाशील तेव्हा जा, मी अडवत नाही, पण असा हात मातीत घालायचा म्हणजे पापच." त्या उठल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसत पुढे गिऱ्हाइकाकडे गेल्या. मनापासून बोलल्या होत्या सगळं.

सूनबाई खोकं घेऊन जवळ आली. दोघींनी मिळून केक खोक्यात ठेवला. जाताना पोरीने तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर परवडला असता. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

संध्याकाळी पाचला तिने खोलीतूनच फोन लावला. दुसऱ्या दिवशीच्या चाळीस बिस्किटांचं काम पुढ्यात होतं, वर्खाचं पुस्तक उघडं. धाकटी उघड्यावर असावी, फोनमध्ये वारा नुसता घोंघावत होता.

"बोल, कधी येतेस? खोली झाडून ठेवलीय."

"दे ती खतवाल्याला."

"वन्सं नाही म्हणाल्या?"

"नाही गं. त्या जा म्हणतात."

"मग ती सून काही बोलली?"

"ती तर माझ्या बाजूने आहे."

"मग कोणी अडवलं तुला? ताई? कोणी अडवलं?"

पलीकडे वाऱ्याचा मोठा झोत आला, फोनमध्ये खरखर झाली. सोनारणीने डावा हात उघड्या पुस्तकावर आडवा धरला, पान उडू नये म्हणून.

"कोणी नाही," ती म्हणाली.